मासेमारीच्या बोटीला किती एचपीची आउटबोर्ड मोटर लागते? वेग आणि पेट्रोलचं सोपं गणित

बाईक घेताना आपण सीसी विचारतो, फोन घेताना रॅम. तसंच बोटीची मोटर घ्यायची म्हटलं की बंदरावर पहिला प्रश्न येतो, "किती एचपी?" आणि बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: परवडेल तेवढी मोठी घे.

रस्त्यावर हे बऱ्यापैकी चालून जातं. पाण्यात मात्र गणित वेगळं आहे. ९.९ एचपीच्या जागी २५ एचपी लावली म्हणून बोट अडीच पट वेगाने पळत नाही. भरलेल्या बोटीचा वेग बऱ्याचदा दीडपटीच्या आसपास वाढतो, पेट्रोल मात्र अडीच पट जळतं. ज्याच्या घरचा खर्च रोजच्या फेरीवर चालतो, त्याच्यासाठी हा फरक महिन्याला हजारो रुपयांचा असतो.

म्हणून या लेखात आपण बघूया की तुमच्या बोटीला किती एचपी पुरेल, त्यातून किती वेग मिळेल आणि मोटर बसवल्यावर तो वेग फोनवर कसा तपासायचा. लागणारी गणितं फोनच्या कॅल्क्युलेटरवर होतात, फक्त वर्गमूळाचं बटण शोधून ठेवा.

आधी चार शब्द समजून घेऊ

आउटबोर्ड मोटर: बोटीच्या मागच्या फळीवर बाहेरून अडकवलेली मोटर. इंजिन, गिअर आणि पंखा सगळं एकाच युनिटमध्ये. मोठ्या ट्रॉलरमध्ये डिझेल इंजिन आत बसवलेलं असतं, त्यांची ओळख आपल्याकडे 'दोन सिलेंडर', 'सहा सिलेंडर' अशी सांगतात. हा लेख त्यांच्याबद्दल नाही. खाडीत आणि किनाऱ्याजवळ मासेमारी करणाऱ्या लहान फायबरच्या आणि लाकडी होड्यांबद्दल आहे.

एचपी: हॉर्सपॉवर. १ एचपी म्हणजे साधारण ७४६ वॉट.

नॉट: समुद्रातला वेग मोजायचं एकक. १ नॉट म्हणजे तासाला १ सागरी मैल, म्हणजेच १.८५२ किमी. १० नॉट म्हणजे साधारण १८.५ किमी प्रति तास.

भरलेलं वजन: नुसत्या बोटीचं नाही. बोट, मोटर, पेट्रोल, माणसं, जाळी, बर्फ आणि परतताना मिळालेली मासळी, सगळं मिळून. गणितात सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, कारण दुकानात वेगाचा आकडा सांगितला जातो तो बहुतेक वेळा रिकाम्या बोटीचा.

बोट पाणी कापते की पाण्यावर घसरते?

मोटर निवडण्याआधी या प्रश्नाचं उत्तर हवं, कारण दोन्ही प्रकारांचं गणित पूर्ण वेगळं आहे.

पहिला प्रकार पाणी कापत जाणारी बोट. तळ गोलाकार, मागची बाजू निमुळती किंवा वर उचललेली. जुन्या पद्धतीच्या लाकडी होड्या, उलांडी लावलेल्या होड्या आणि त्यांच्या आकारावर बनवलेल्या बऱ्याच फायबर बोटी यात येतात. बोट पुढे जाताना स्वतःच एक लाट तयार करते. वेग वाढला की ही लाट लांब होते. एका टप्प्याला लाटेची लांबी बोटीइतकी होते आणि बोट स्वतःच्याच लाटेच्या दोन उंचवट्यांमध्ये अडकते. आणखी जोर लावला तर ती जणू चढण चढू लागते: पुढचं टोक वर, मागचं खाली, पेट्रोल धडाधड जळतंय आणि वेग जेमतेम वाढतोय.

दुसरा प्रकार पाण्यावर घसरणारी बोट. स्पीडबोट आठवा. तळ मागच्या बाजूला सपाट आणि रुंद, कडा धारदार. पुरेशी ताकद मिळाली की बोट ती चढण पार करून पाण्याच्या वर उचलली जाते. याला प्लेनिंग म्हणतात.

ओळखायचं कसं? बोट वाळूवर ओढलेली असताना मागून बघा. तळ शेवटपर्यंत सरळ आणि सपाट जात असेल तर प्लेनिंग शक्य आहे. मागे जाताना तळ वर वळत असेल, तर कितीही मोठी मोटर लावा, ती बोट स्पीडबोट होणार नाही.

पायरी १: बोटीची नैसर्गिक मर्यादा काढा

पाणी कापणाऱ्या बोटीसाठी हे जुनं आणि भरवशाचं सूत्र आहे:

वेग (नॉट) = १.३४ × √(पाण्याच्या रेषेवरची लांबी, फुटांत)

लांबी घेताना पूर्ण बोटीची घेऊ नका. बोट पाण्यात असताना जेवढा भाग पाण्याला टेकतो तेवढीच लांबी मोजायची.

- १६ फूट: ५.४ नॉट, म्हणजे साधारण १० किमी/तास
- २० फूट: ६.० नॉट, म्हणजे साधारण ११ किमी/तास
- २५ फूट: ६.७ नॉट, म्हणजे साधारण १२.४ किमी/तास
- ३० फूट: ७.३ नॉट, म्हणजे साधारण १३.६ किमी/तास

यात एचपी कुठेच नाही हे लक्षात आलं का? ही मर्यादा मोटर नाही, लांबी ठरवते. ही काही अभेद्य भिंत नाही. लांब, अरुंद आणि हलकी होडी थोडी पुढे जाऊ शकते. पण इथून पुढे प्रत्येक अर्धा नॉट फार महाग पडतो.

पायरी २: त्या वेगासाठी किती एचपी?

शांत पाण्यात नैसर्गिक मर्यादेपर्यंत पोचायला भरलेल्या वजनाच्या प्रत्येक टनाला साधारण साडेचार एचपी लागतात. पण दर्या रोज शांत नसतो. समोरून वारा, लाटा, तळाला धरलेलं शेवाळ आणि शिंपले, जुनी झालेली मोटर, या सगळ्यासाठी राखीव ताकद हवी. म्हणून आलेल्या आकड्याला दीड ते दोनने गुणा.

आणि एक महत्त्वाची गोष्ट. लागणारी ताकद वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. वेग २० टक्के कमी केला तर ताकद जवळपास निम्मीच लागते. थ्रॉटल थोडा मागे घेणं ही पेट्रोल वाचवायची सगळ्यात स्वस्त युक्ती आहे, त्यासाठी काहीही विकत घ्यावं लागत नाही.

पायरी ३: प्लेनिंग करायचं असेल तर

तळ सपाट असेल आणि खरंच वेग हवा असेल, तर आधी एक भागाकार करा: भरलेलं वजन (किलो) ÷ एचपी.

- २५ किलोच्या आत: बोट आरामात वर उचलली जाईल
- २५ ते ३५ किलो: तळ चांगला असेल तर उचलली जाईल, पण वेळ घेईल
- ४० किलोच्या पुढे: बहुतेक वेळा बोट चढणीवरच अडकेल

भागाकार पहिल्या दोन गटांत येत असेल तरच पुढचं सूत्र वापरा. याला क्राउचचं सूत्र म्हणतात. किलो आणि किमीमध्ये बसवलं की ते असं दिसतं:

वेग (किमी/तास) = १६० × √(एचपी ÷ भरलेलं वजन किलोमध्ये)

१६० हा आकडा साध्या, मध्यम बोटीचा. जड बांधणीच्या कामाच्या बोटीला १४० धरा. वर्गमूळ आहे म्हणजे काय, तर वेग दुप्पट करायला एचपी चौपट लागतात.

प्रत्यक्ष उदाहरण: २४ फुटी फायबर बोट

समजा बोट २४ फुटी आहे आणि पाण्याच्या रेषेवर २१ फूट. वजनाची बेरीज करू:

- रिकामी बोट: ६०० किलो
- मोटर: ५० किलो
- ३० लिटर पेट्रोल: साधारण २२ किलो
- तीन माणसं: २०० किलो
- जाळी: १५० किलो
- बर्फ आणि पेटी: ८० किलो
- परतताना मासळी: २०० किलो

एकूण साधारण १,३०० किलो. नैसर्गिक मर्यादा १.३४ × √२१, म्हणजे ६.१ नॉट. तिथपर्यंत जायला शांत पाण्यात १.३ × ४.५, म्हणजे जेमतेम ६ एचपी. राखीव धरून ९ ते १२ एचपी.

आता १० सागरी मैलांवर जाऊन परत यायचं आहे, म्हणजे एकूण २० मैल. फोर-स्ट्रोक मोटर फुल थ्रॉटलला दर एचपीमागे तासाला साधारण ०.३८ लिटर पेट्रोल खाते असं धरू. तुलना सोपी राहावी म्हणून जाताना-येताना दोन्ही वेळा पूर्ण वजन धरलं आहे.

९.९ एचपी, आरामात ५ नॉट: ४ तास. इथे जेमतेम ३ ते ४ एचपी वापरले जातात, म्हणून तासाला दीड ते दोन लिटर. एकूण ६ ते ८ लिटर.

९.९ एचपी, फुल थ्रॉटल: वेग ६ नॉटच्या थोडा वर, सव्वातीन तास. एकूण साधारण १२ लिटर.

२५ एचपी, फुल थ्रॉटल: एचपीमागे ५२ किलो, म्हणजे बोट चढणीवर अडकलेली. वेग १० नॉटच्या आसपास, २ तास. तासाला साडेनऊ लिटर, एकूण १९ लिटर.

४० एचपी, फुल थ्रॉटल: मोटर जड असल्याने वजन १,३५० किलो. एचपीमागे ३४ किलो, तळ सपाट असेल तर प्लेनिंग. सूत्राने २७.५ किमी/तास, म्हणजे १५ नॉट. १ तास २० मिनिटं, एकूण २० लिटर.

नीट बघा. २५ आणि ४० एचपीचं पेट्रोल जवळपास सारखंच, पण ४० वाली ४० मिनिटं आधी पोचते. म्हणजे या बोटीसाठी सगळ्यात तोट्याची निवड मधली आहे: वजन उचलायला अपुरी आणि हळू चालायला गरजेपेक्षा मोठी. एकतर ९.९ घेऊन शांतपणे जा, किंवा तळ तसा असेल तर पूर्ण प्लेनिंगची ताकद घ्या.

पैशात बघू. पेट्रोल लिटरला १०० रुपये धरलं, तर आरामात चालवलेली ९.९ आणि फुल थ्रॉटलची २५ यात एका फेरीला साधारण १,२०० रुपयांचा फरक पडतो. महिन्याला २० फेऱ्या म्हणजे २४,००० रुपये. मासळीचा भाव आपल्या हातात नसतो, हा खर्च मात्र असतो.

मग मोठी मोटर कुणी घ्यायची? ज्यांची मासळी लवकर पोचली तर लिलावात खरंच जास्त भाव मिळतो, ज्यांना लांब जाऊन त्याच दिवशी परतायचं असतं आणि ज्यांच्या बोटीचा तळ त्यासाठी बनलेला आहे, त्यांनी.

खाडी आणि ओहोटी विसरू नका

वरचे सगळे वेग पाण्याच्या तुलनेत आहेत, जमिनीच्या नाही. खाडीच्या मुखाशी ओहोटीचा प्रवाह ३ नॉटचा असेल आणि तुम्ही ५ नॉटने आत येत असाल, तर किनारा तुमच्याकडे फक्त २ नॉटने सरकतो. त्यात समोरून वारा आला तर बोट जागेवरच. म्हणून अगदी काटेकोर हिशोबाने ५ किंवा ६ एचपी घेऊ नका. पायरी २ मधलं 'दीड ते दोन पट' हे याच वेळेसाठी आहे.

पेट्रोलचा नियम सोपा आहे: एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश राखीव.

पंखा: त्याच मोटरमधून जास्त जोर

पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात, स्क्रू लाकडात शिरतो तसा, सैद्धांतिकदृष्ट्या किती पुढे जाईल ते अंतर. बाईकच्या भाषेत कमी पिच म्हणजे पहिला-दुसरा गिअर, जास्त पिच म्हणजे वरचा गिअर. जड बोटीला वरच्या गिअरमध्ये चढण चढायला लावलं तर काय होईल? इंजिन गुदमरेल.

तपासायची पद्धत अशी. मोटरच्या मॅन्युअलमध्ये फुल थ्रॉटलची आरपीएमची मर्यादा दिलेली असते, समजा ५,००० ते ६,०००. नेहमीच्या वजनासह फुल थ्रॉटल द्या.

- आरपीएम ५,००० लाही पोचत नसेल, तर पिच जास्त आहे. कमी पिचचा पंखा लावा.
- ६,००० च्या वर पळत असेल, तर पिच कमी आहे.
- पिचमध्ये १ इंच फरक केला की साधारण १५० ते २०० आरपीएमचा फरक पडतो.

कमी वेगाच्या, जड बोटींसाठी काही कंपन्या 'हाय थ्रस्ट' मॉडेल बनवतात. एचपी तेवढेच, पण गिअरचं प्रमाण मोठं आणि पंखा मोठा व सावकाश फिरणारा. जाळी ओढणाऱ्याला आणि भरलेली बोट हाकणाऱ्याला याचा फायदा जास्त.

मोटर बसवण्याआधी या चार गोष्टी मोजा

१. मागच्या फळीची उंची. मोटरचे शाफ्ट साधारण १५, २० आणि २५ इंची फळीसाठी येतात. पंख्याच्या वर असलेली आडवी प्लेट बोटीच्या तळाच्या पातळीत किंवा किंचित खाली हवी. मोटर फार वर राहिली तर पंखा हवा ओढतो, आवाज वाढतो आणि जोर जातो. फार खाली गेली तर पाण्याचा अडथळा वाढतो.

२. मोटरचं वजन. ९.९ एचपीची फोर-स्ट्रोक साधारण ४० किलोच्या आसपास असते, ४० एचपीची १०० किलोच्या जवळ. हे सगळं वजन बोटीच्या अगदी टोकाला येतं. मागची कड पाण्याच्या जवळ गेली की मागून आलेली एक लाटही आत शिरू शकते.

३. फळीची मजबुती. जुन्या फायबर बोटीत फळीच्या आतलं लाकूड कुजलेलं असू शकतं. ठोकून बघा. भरीव आवाजाऐवजी बद्द आवाज आला तर आधी दुरुस्ती, मग मोटर.

४. बोटीची कमाल मर्यादा. बोट बनवणाऱ्याने कमाल एचपी सांगितले असतील तर त्याच्या वर जाऊ नका. अमेरिकेत २० फुटांपेक्षा लहान आउटबोर्ड बोटींसाठी लांबी आणि मागच्या फळीची रुंदी यांच्या गुणाकारावरून ही मर्यादा काढतात आणि बोटीवरच्या पट्टीवर ती लिहिलेली असते. आपल्या अरुंद होड्यांवर अशी पट्टी सहसा नसते, म्हणून बांधणाऱ्या कारागिराला विचारणं हाच उत्तम मार्ग.

फोनवर खरा वेग कसा मोजायचा?

हे काम तुमचा फोन मस्त करतो. जीपीएसला इंटरनेट किंवा टॉवर लागत नाही, त्यामुळे रेंज गेल्यावरही वेग दिसतो. कोणतंही जीपीएस स्पीडोमीटर अ‍ॅप घ्या आणि त्यात नॉट निवडा.

१. फोन वॉटरप्रूफ पाऊचमध्ये, आकाश दिसेल असा ठेवा.
२. नेहमीचं वजन भरा. रिकाम्या बोटीची चाचणी उपयोगाची नाही.
३. एका दिशेने सरळ, एकाच थ्रॉटलवर २ ते ३ मिनिटं चला आणि स्थिर झालेला वेग नोंदवा.
४. वळून त्याच रेषेत उलट या आणि पुन्हा नोंदवा.
५. दोन्हींची सरासरी काढा.

उलट का यायचं? कारण फोन जमिनीच्या तुलनेतला वेग दाखवतो. जाताना ७.४ आणि येताना ४.६ नॉट आला, तर बोटीचा खरा वेग ६ नॉट आणि प्रवाह १.४ नॉट. एकाच दिशेचा स्क्रीनशॉट दाखवून कुणी मोटर विकत असेल, तर आता काय विचारायचं ते तुम्हाला माहीत आहे.

अर्धा, पाऊण आणि फुल थ्रॉटल अशा तीन नोंदी करा. पाऊण आणि फुलमध्ये वेगाचा फरक अर्ध्या नॉटचाच असेल, तर तुमची बोट मर्यादेला टेकली आहे. पुढचं सगळं पेट्रोल लाट बनवण्यात जातंय.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

टू-स्ट्रोक घ्यावी की फोर-स्ट्रोक? टू-स्ट्रोक हलकी आणि दुरुस्तीला सोपी, पण कार्बोरेटरवाली टू-स्ट्रोक तेवढ्याच एचपीला साधारण २५ ते ३० टक्के जास्त पेट्रोल घेते आणि त्यात ऑइल मिसळावं लागतं. रोज वापर असेल तर फोर-स्ट्रोक फायद्याची.

दोन लहान मोटर लावल्या तर? एक बंद पडली तरी दुसरी घरी आणते, हा मोठा फायदा. पण वजन, देखभाल आणि पाण्यातला अडथळा दुप्पट. किनाऱ्याजवळच्या बोटीला एक मुख्य मोटर आणि सोबत वल्हं किंवा लहान राखीव मोटर पुरते.

इलेक्ट्रिक आउटबोर्ड चालेल का? ४८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर बॅटरीत ४.८ युनिट वीज मावते. आपल्या उदाहरणातली बोट ५ नॉटने न्यायला साधारण ३ किलोवॉट लागतील, म्हणजे दीड तास. खाडीतल्या छोट्या फेरीला चालेल, १० मैलांच्या फेरीला एवढी बॅटरी पुरणार नाही.

मोटर बदलली तर कागदपत्रं? बोटीच्या नोंदीत इंजिनाची माहिती असते. मोठी मोटर घ्यायच्या आधीच जवळच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा आणि बदल नोंदवून घ्या.

वेगासोबत सुरक्षेचं काय? हाताने चालवायच्या मोटरला किल स्विचची दोरी असते, ती मनगटाला किंवा लाइफ जॅकेटला अडकवा. चालवणारा पाण्यात पडला तर इंजिन लगेच बंद होतं. समुद्रात अडचण आली तर भारतीय तटरक्षक दलाचा १५५४ हा टोल फ्री क्रमांक फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

थोडक्यात

दुकानात जायच्या आधी तीन आकडे लिहून न्या: पाण्याच्या रेषेवरची लांबी, भरलेलं वजन आणि मागच्या फळीची उंची. बोट पाणी कापणारी असेल तर टनाला साडेचार एचपी, गुणिले दीड ते दोन. प्लेनिंग हवं असेल तर एचपीमागे ३५ किलोच्या आत. आणि या दोन्हींच्या मध्ये येणारी मोटर कुणी 'ऑफर'मध्ये देत असेल, तरी फेरीमागे किती लिटर जातील हे एकदा कॅल्क्युलेटरवर बघून मगच हो म्हणा.